चिंचोक्यांचं मतदान

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेत पालकसभा आयोजित केली आहे. विषय : शाळा व्यवस्थापन समितीचे पुनर्गठन. तरी वेळेवर उपस्थित राहावे.’

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन वर्षांनी असा निरोप येतो. त्याच्याखाली दोन अंगठे उमटतात, एखादं ‘ओके सर’ येतं, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो आणि निरोप वर सरकून जातो. शनिवारी मोजके पालक जमतात. मुख्याध्यापकांच्या खिशात यादी तयार असते. ती वाचली जाते, ‘कुणाची हरकत?’ असं विचारलं जातं, कुणाचीच नसते. चहा होतो, शाल-श्रीफळ होतं, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी : अध्यक्षपदी अमुकअमुक यांची बिनविरोध निवड. सोबत पेढा भरवतानाचा फोटो.

या निवडणुकीला कुणी निवडणूक म्हणत नाही. आचारसंहिता नाही, चिन्ह नाही, बोटाला शाई नाही. पण आकडा मांडून बघा. राज्यात जिल्हा परिषदेच्या शाळा ६० हजारांच्या घरात आहेत. प्रत्येक समितीत १२ ते १६ सदस्य, त्यातले तीन चतुर्थांश पालक, म्हणजे कमीत कमी नऊ. नुसता गुणाकार केला तरी पाच लाखांच्या वर जागा होतात. राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी प्रत्येकीत कमाल १७ सदस्य धरले, तरी ती बेरीज इथवर पोचत नाही. महापालिकांच्या आणि अनुदानित खासगी शाळा तर यात धरलेल्याच नाहीत. एवढ्या जागा, आणि त्यांच्यासाठी स्वतःहून उभा राहिलेला माणूस शोधायचा तर वणवण करावी लागते.

मला असा माणूस बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात भेटला. बाई भेटली, असं म्हणायला हवं. गावाचं आणि माणसांची नावं इथे देत नाही. त्यांना त्याच गावात राहायचं आहे. गाव तिला ‘मशीनवाल्या वहिनी’ म्हणतं. शाळेसमोरच घर, ओसरीत शिलाई मशीन. ब्लाउज, पिशव्या, फॉल-पिको. मुलगी तेव्हा तिसरीत होती, मुलगा पहिलीत. शिक्षण दहावी.

“माझं काही राजकारण नाही ओ,” वहिनी म्हणाल्या. “रोज मशीनवर बसल्या-बसल्या शाळा दिसती. आत काय चाललंय ते इचारायला गेलं की म्हणायचे, तुमी कोण? मेंबर हायेत का? म्हणलं, चला, मेंबर होऊन बघू.”

हे झालं २०२४ च्या जुलैत.

*

गाव ऊसतोड कामगारांचं. दसरा-दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात, नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ होतो, आणि निम्म्याहून अधिक घरांना कुलपं लागतात ती पार मार्च-एप्रिलपर्यंत. मुलं बरोबर गेली की शाळा सुटलीच. ती गावातच आजी-आजोबांकडे राहावीत म्हणून शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. वसतिगृह हे नाव मोठं. प्रत्यक्षात मूल झोपतं आजीकडे आणि सकाळ-संध्याकाळ जेवतं शाळेत. दुपारचा पोषण आहार वेगळा. हे वसतिगृह चालवतं कोण? शाळा व्यवस्थापन समिती. धान्य-किराणा कुणाकडून घ्यायचा, स्वयंपाकाला कोण, किती मुलं जेवली याची नोंद, बिलं, सह्या, सगळं समितीकडे. इतर गावांत जी जागा फुकट वाटली जाते, तिला इथे भाव आहे तो यामुळे.

मावळते अध्यक्ष गावातले मुकादम. त्यांचा धाकटा मुलगा चौथीत होता. या माणसाला खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण त्यांच्याशी बोलल्यावर ते जमत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंडप दर वर्षी त्यांच्या खर्चाने. बोअरची मोटर जळाली तेव्हा रातोरात दुसरी त्यांनी आणली. “मी काय खाल्लं शाळेचं?” ते म्हणाले. “उलट खिशातले घातले. अधिकारी आला की जेवण कोणाच्या घरी? माझ्या. आता म्हणतेत हिशोब दाखवा. दाखवतो की. पण आजवर कुणी मागितला होता का?”

यातलं शेवटचं वाक्य सोळा आणे खरं आहे. कुणी मागितला नव्हता. मागणार कसा? मुकादम हंगामाआधी उचल देतो. पन्नास हजार, लाख, घरात लग्न असेल तर जास्तही. पावसाळ्यात, म्हणजे नेमकं समितीची पालकसभा असते तेव्हा, गावातले बरेच पालक त्याचे देणेकरी असतात. सभेत तो खुर्चीवर बसलेला आणि बाकीचे सतरंजीवर. ‘ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा’ म्हटलं की कुणाचा हात खाली राहील? याला लोकशाही म्हणण्यापेक्षा हजेरी म्हटलेलं बरं.

वहिनींनी पहिलं काम केलं ते हे : हात वर करून नको, गुप्त मतदान घ्या, असा अर्ज मुख्याध्यापिकाबाईंना दिला. वहीच्या पानावर, खाली अकरा पालकांच्या सह्या आणि अंगठे. बाईंची पंचाईत झाली. त्यांनी केंद्रप्रमुखांना फोन लावला. उत्तर आलं, “सभा म्हणेल तसं करा, पण भांडण होऊ देऊ नका.” सरकारी खात्यातल्या सल्ल्याचं हे उत्तम उदाहरण आहे.

*

थोडं थांबून कायदा बघू, कारण गावात त्यावरूनच तासभर वाद झाला.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा; लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. विनाअनुदानित शाळा सोडून बाकी सगळ्यांना ती बंधनकारक. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. महाराष्ट्राने १७ जून २०१० च्या शासननिर्णयाने तपशील ठरवला. पालक सदस्य पालकसभेतून निवडायचे. अध्यक्ष-उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच. मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव. उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, एक शिक्षक आणि गावातला एखादा शिक्षणतज्ज्ञ. महिन्याला एक बैठक.

कामं? शाळेवर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष, आणि शाळा विकास आराखडा. हा आराखडा २२ व्या कलमात आहे आणि कायदा म्हणतो की शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा तो आधार असेल. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर या राज्यात शाळेची गरज ठरवण्याची सुरुवात मंत्रालयातून होत नाही. ती सतरंजीवर बसलेल्या आईपासून होते. प्रत्यक्षात मी पाहिलेले बहुतेक आराखडे एकमेकांची नक्कल होते. एकात तर डोंगरावरच्या शाळेसाठी ‘पूरसंरक्षक भिंत’ मागितली होती. शेजारच्या तालुक्याच्या फाइलमधून ती वाहत आली असावी.

गावातला वाद मात्र याहून मूलभूत होता. पालक म्हणजे कोण? एक आजी उठून उभ्या राहिल्या. “पोरगा-सून कारखान्यावर. सहा महिने लेकराचं हगणं-मुतणं, दुखणं-खुपणं मी बघती. मग पालक म्या का ते?” कायद्याच्या शब्दांत आई-वडील किंवा पालक असं आहे, तेव्हा आजींचा दावा अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. पण मग सून गावात असताना मत कुणाचं? दुसरा एकजण म्हणाला, माझी तीन लेकरं शाळेत, मला तीन मतं पायजेत. मुकादमांच्या बाजूने सूचना आली की गावातल्या जाणत्या माणसांनाही मत असावं, शाळा काय एकट्या पालकांची आहे का? ही सूचना ऐकायला गोड होती आणि तिचा अर्थ सगळ्यांना कळला. शेवटी ठरलं : घरटी एक मत, त्या वेळी जो सांभाळणारा हजर असेल त्याचं.

आता मत द्यायचं कसं? निम्म्या मतदारांना लिहिता येत नाही, आणि चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घ्यायची तर गुप्त काय राहिलं? तोड काढली ती बाईंनी. पहिलीच्या मुलांना मोजायला शिकवायला शाळेत चिंचोक्यांची बरणी होती. चार इयत्तांचे चार गट केले. चौथीला तीन जागा, बाकी इयत्तांना दोन-दोन, एकूण नऊ. आतल्या खोलीत कपाट आडवं लावलं, त्याच्यामागे बाकावर उमेदवारांच्या संख्येइतके प्लॅस्टिकचे डबे, झाकणाला भोक पाडलेले. प्रत्येक डब्यावर उमेदवाराच्या मुलाचा प्रवेशअर्जावरचा फोटो चिकटवला. उमेदवाराचा नाही, मुलाचा. जितक्या जागा तितके चिंचोके हातात द्यायचे, एका डब्यात एकच टाकायचा. आवाजावरून कुठल्या डब्यात पडला ते कळू नये म्हणून तळाशी जुन्या उत्तरपत्रिका घातल्या होत्या. ही शेवटची खबरदारी कुणाला सुचली ते बाईंनी मला सांगितलं नाही, पण वहिनींच्या पोरीने सांगितलं : “मी म्हणलं होतं, लई टणटण वाजतंय.”

मतदान दोन तास चाललं. कधीही न बोलणाऱ्या बायका कपाटामागे जाऊन बराच वेळ थांबत होत्या. एक म्हातारबा डबे उचलून-उचलून वजन बघत होते म्हणून त्यांना बाहेर बोलवावं लागलं.

तिसरीच्या दोन जागांना तीन उमेदवार होते. वहिनी तीन चिंचोक्यांनी निवडून आल्या. नऊपैकी पाच जागा त्यांच्या बाजूच्या. मुकादम स्वतः चौथीतून आरामात आले.

मग अध्यक्षाची निवड दोन दिवसांनी ठेवली, आणि ती हात वर करून झाली. नऊजणांत कसलं आलंय गुप्त मतदान, असं सगळ्यांनाच वाटलं. त्या दोन दिवसांत पाचाचे चार झाले. फुटलेल्या सदस्याने वहिनींच्या ओसरीत येऊन खाली मान घालून सांगितलं, “वहिनी, राग धरू नका. कोयता ठरलाय. उचल घेतलीय.” मुकादमांची भावजय अध्यक्ष झाली. समितीत निम्म्या महिला हव्यात, ही अटही त्यात सोयीने पाळली गेली.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाचं सार त्या दोन दिवसांत आहे. शासननिर्णयाने किती सदस्य, किती महिला, किती बैठका हे सगळं मोजून दिलं. पण मत कपाटामागे द्यायचं की मुकादमासमोर, हे ठरवणं गावावर सोडून दिलं. आणि गावात जे सैल सोडलं जातं ते ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याकडे जातं.

*

शाळेच्या पैशावर हात कुणाचा, हा वाद या प्रांतात नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांचं गाऱ्हाणं हेच होतं : शिक्षणासाठी कर भरतो शेतकरी, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्याच निवेदनात आहे. पुढे १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डं आणि नगरपालिकांकडे गेल्या आणि ‘स्कूल बोर्ड’ ही चीज गावोगावच्या बोलण्यात आली. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डं अधिक पक्की झाली. जुन्या शिक्षकांच्या घरी अजूनही आठवणी निघतात : स्कूल बोर्डाचा चेअरमन म्हणजे कलेक्टरच्या खालोखाल. मास्तरची बदली त्याच्या एका शब्दावर. त्याच्या मेव्हण्याच्या प्रचाराला गेला नाही म्हणून मास्तर डोंगरापलीकडे, आणि गेला म्हणून घराशेजारी. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि ही बोर्डं त्यांच्या शिक्षण समित्यांत विरघळली. शहरांत मात्र महापालिकांची शिक्षण मंडळं पुढे कित्येक दशकं चालू राहिली. शिक्षणहक्क कायद्यानंतर ती मोडीत निघाली.

या सगळ्या बोर्डांत आणि मंडळांत एक गोष्ट समान होती. सभासद होण्यासाठी तुमचं मूल त्या शाळेत असण्याची गरज नव्हती. बहुतेकांचं नसायचंच. शाळा चालवणारे एक आणि शाळेत पोरं पाठवणारे दुसरे. २००९ च्या कायद्याने हे उलटं केलं, आणि माझ्या मते त्या कायद्यातली सर्वांत धाडसी गोष्ट २५ टक्क्यांचा प्रवेश नसून ही आहे. पंचवीस टक्क्यांवर अग्रलेख पडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. समितीवर तेवढं कुणी भांडलं नाही.

या खुर्चीला एक गमतीशीर मुदतही आहे. मूल शाळेतून गेलं की पालकाचं सदस्यत्व गेलं. मुकादमांचा मुलगा चौथी पास झाला आणि त्यांची जागा आपोआप रिकामी झाली. आमदाराला, सरपंचाला, सोसायटीच्या चेअरमनला असं काही नसतं. इथे पोरगं पास झालं की बाप निवृत्त.

शहरातल्या वाचकाला वाटेल, हे खेड्यातलं. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत मुलं घालणाऱ्यांच्या वाट्याला ही समिती येत नाही हे खरं. त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे आणि तिच्यापुढे शाळेला फीचा प्रस्ताव ठेवावा लागतो. तिथे पालक निवडून येत नाहीत, त्यांची नावं सोडतीने निघतात. सोडत ठेवण्यामागे हेतू चांगला होता. संस्थाचालकांची मर्जीतली माणसं बसू नयेत. पण चिठ्ठी निघालेल्याला आपण कुणाला तरी उत्तर द्यायचं आहे असं वाटत नाही. पुण्यातल्या एका पालकाने मला सांगितलं की त्याची चिठ्ठी निघाली हे त्याला बायकोकडून कळलं, आणि पहिल्या बैठकीत तो फीच्या प्रस्तावावर सही करून अर्ध्या तासात ऑफिसला गेला. लाखभर रुपये फी ठरते तिथे सोडत, आणि शाळेच्या दहा-पंचवीस हजारांसाठी गावात दोन पॅनेल!

हे आकडे मनचे नाहीत. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान पटावर मिळतं : तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, त्यापुढे टप्प्याटप्प्याने वाढत एक लाखापर्यंत. खडू, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता सगळं त्यातच. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत. तिथे दुसरीच अडचण. घरंच सात-आठ. नऊ पालक आणायचे कुठून? नवरा-बायको दोघांनाही घ्या, काकाला पालक दाखवा, असं करत समिती भरली जाते. तिथे निवडणुकीची अपेक्षा करणं म्हणजे चेष्टा होईल.

*

मुख्याध्यापकांची बाजू ऐकल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. त्याच तालुक्यातले एक अनुभवी गुरुजी म्हणाले, “समिती झोपली की आमच्या गळ्याला फास, जागी झाली की डोक्याला ताप.” फास असा की प्रत्येक खर्चाला ठराव लागतो, ठरावाला सह्या लागतात. सह्यांसाठी प्रोसिडिंगचं रजिस्टर पिशवीत घालून मोटारसायकलवर शेतोशेत फिरावं लागतं. खुरपणाऱ्या बाईला बांधावर बोलावून ‘इथं करा’ म्हणायचं. ऑडिटला गाठ पडते ती गुरुजींशी. पूर्वी वर्गखोल्यांची बांधकामंसुद्धा समित्यांमार्फत झाली. खोली अर्धी राहिली, अध्यक्ष बदलला, आणि वसुलीची नोटीस मुख्याध्यापकाच्या नावे आली, अशी उदाहरणं प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात.

आणि ताप असा : “निवडून आलेला एखादा शाळेत येतो तो मोबाइल चालू करूनच. मास्तर दहा मिनिटं उशिरा आला, काढ व्हिडिओ. पोराला ओरडला, काढ व्हिडिओ. नंतर संध्याकाळी फोन : सर, जत्रेची वर्गणी राहिली तुमची. आता सांगा.” गुरुजींचं म्हणणं खोटं नाही. निवडणूक झाली की सज्जनच निवडून येतील असं कुठे लिहिलंय? पण बिनविरोध समितीतून ते येतात असंही नाही. तिथे फक्त कळत नाही.

गणवेशाची गोष्ट यात मधेच सांगायला हवी, कारण वहिनींचं आणि समितीचं खरं नातं तिथे जुळलं. गणवेश ही समितीच्या हातातली सर्वांत दिसणारी गोष्ट. दोन जोड्यांना ६०० रुपये मिळायचे, समिती गावात किंवा तालुक्याला शिवून घ्यायची. २०२४-२५ ला ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी वरूनच झाली. एक गणवेश महिला बचत गटांकडून शिवून यायचा होता, तो आला तेव्हा कित्येक ठिकाणी पावसाळा उलटला होता. दुसऱ्याचं नुसतं कापड शाळेत येऊन पडलं आणि शिलाईला जे एकशे दहा रुपये धरले होते त्यात शिंपी हात लावेना. त्या गावात वहिनींनी नव्या सदस्या म्हणून ते कापड बघितलं. तयार आलेल्या गणवेशात पहिलीच्या मुलाच्या चड्डीत दोन मुलं मावतील आणि चौथीच्या मुलीचा सदरा कोपरात अडकेल, अशी अवस्था. त्यांनी ओसरीत मशीनवर बसून वीस-बावीस गणवेश उसवून पुन्हा टाके घातले. पैसे घेतले नाहीत, मात्र बैठकीत ठराव मांडला : पुढच्या वर्षीपासून मापं घेतल्याशिवाय गणवेश नको. ठराव वर गेला की फाइलमध्ये गेला, माहीत नाही. एका गावाच्या ठरावाने सरकार हललं असं मी म्हणणार नाही. पण राज्यभरातून ओरड झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने तो निर्णय फिरवून गणवेशाचं काम पुन्हा समित्यांकडे दिलं. २०२५ च्या जूनमध्ये त्या शाळेत मुलांची मापं वहिनींनी घेतली. आपल्याच पोरांची मापं, त्यामुळे कुणाच्या चड्डीला किती दाब सोडायचा हेही त्यांना ठाऊक होतं. “हा पोरगा वर्षाला वीतभर वाढतोय,” असं एका आईला सुनावत त्या टेप गुंडाळत होत्या.

अध्यक्षपद गेलं तरी मेंबरकी राहिली होती, आणि तिचा उपयोग त्यांनी हंगामी वसतिगृहात केला. फार काही केलं नाही. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी रस्ता ओलांडून जायचं आणि पंगतीत बसलेली लेकरं मोजायची. आकडा फळ्यावर लिहायचा. बस्स. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातून कुरकुर झाली, अध्यक्षबाईंनी निरोप धाडला की तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांचं उत्तर : “मी मेंबर हाये.” रजिस्टरमधला आकडा आणि फळ्यावरचा आकडा यांत सुरुवातीला तफावत होती. किती, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. डिसेंबरपासून दोन्ही आकडे जुळायला लागले. मुकादमही त्यावर एवढंच म्हणाले, “मोजू द्या की. मोजल्यानं काय बिघडतंय?” ते मनापासून बोलले असावेत. कुणी मोजत नव्हतं तोवर त्यांनाही सगळं सोपं गेलं होतं.

जिथे समितीचा हात पोचत नाही तिथे मात्र तो पोचत नाही. त्या शाळेचा पट पन्नाशीचा. कायद्याने साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हवेत. एक गुरुजी बदलून गेले, त्यांच्या जागी वर्षभर कुणी आलं नाही. शिक्षकभरती पवित्र पोर्टलवर, बदल्या ऑनलाइन. गावच्या समितीला तिथे विचारतो कोण? समितीने ठराव केले, पंचायत समितीत दिले, पोच घेतली. मग गावाने महाराष्ट्रातली जुनी रीत वापरली : मुलांना दप्तरांसह टेंपोत घातलं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात शाळा भरवली. चौथ्या दिवशी शेजारच्या शाळेतून एक शिक्षक तात्पुरता मिळाला. त्या टेंपोचं भाडं मुकादमांनी दिलं होतं. वहिनी त्यांच्याशेजारीच बसल्या होत्या.

*

ही समिती २०२६ च्या जुलैत संपेल. वहिनींच्या मुलीने तोवर चौथी ओलांडलेली असेल, पण मुलगा शाळेत असेल, म्हणजे त्यांना पुन्हा उभं राहता येईल. राहणार का, विचारलं. “राहणार. पण आता अध्यक्षबी डब्यातच निवडायचा, हे आधी ठरवून घेणार.” बाईंनी चिंचोक्यांची बरणी जपून ठेवली आहे का, हे विचारायचं कारण नव्हतं, पहिलीची मुलं त्यावरच बेरीज शिकतात.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. पुनर्गठनाची नोटीस आली की सभेला जा. यादी आधीच तयार असेल तर ती कुणी केली ते विचारा. चिठ्ठी, खडे, चिंचोके, काहीही चालेल, पण मत झाकून द्यायची मागणी करा, आणि ती अध्यक्षाच्या निवडीलाही लावा. उभं राहायला कुणी नसेल तर स्वतःचं नाव द्या. अनामत रक्कम लागत नाही, प्रचार करावा लागत नाही. पडलात तरी मूल त्याच शाळेत आहे, तेव्हा पुढच्या वेळी पुन्हा उभं राहायला तुम्हाला कुणी अडवू शकणार नाही.